कान्नाचे पाच अर्क: उन्हाळ्यातल्या प्रकल्प नोंदी

३ मार्च

दोन्ही पुड्या एकदाच्या हातात आल्या. एक आंबवलेली, एक नुसती वाळवलेली. दोन्ही दक्षिण आफ्रिकेत लागवड केलेल्या कान्नाच्या, म्हणजे स्केलेटियम टॉर्ट्युओसम या मांसल पानांच्या वनस्पतीच्या. नव्या वर्गीकरणात काही जण हिला मेसेम्ब्रिअँथेममच्या कुळीत टाकतात, पण सर म्हणाले जुनंच नाव ठेव, बहुतेक शोधनिबंध त्याच नावाने सापडतात.

कागदपत्रांची फाईल पुड्यांपेक्षा जाड आहे. तिकडे देशी वनस्पतीवर संशोधन करून माल विकायचा तर सरकारी परवाना लागतो, आणि ते ज्ञान ज्यांचं त्यांच्याशी नफ्याच्या वाटणीचा करारही लागतो. कान्नाबाबत तिथल्या आदिवासी सान लोकांच्या परिषदेशी २००८ साली असा करार झाला. नामाक्वालँडमधल्या पॉल्सहुक आणि नूरिव्हियर या गावांचाही त्यात वाटा आहे, कारण वापराची माहिती तिथल्या लोकांनी दिली होती. आपल्याला काही विकायचं नाही, तरी सरांना फाईलमधला प्रत्येक कागद जागेवर हवा असतो. चांगलंच आहे म्हणा. हळदीच्या पेटंटची लढाई आपण १९९७ मध्ये जिंकली हे वर्गात शिकवायचं आणि दुसऱ्याचा पाला मात्र बिनकागदाचा वापरायचा, हे बरं दिसलं नसतं.

प्रकल्पाचा प्रश्न: एकाच पाल्यातून वेगवेगळ्या रीतीने काढलेले अर्क म्हणजे एकच औषध असतं का? ‘कान्नाने मूड सुधारतो’ हे वाक्य जिथे तिथे दिसतं. कोणत्या कान्नाने, कशात काढलेल्या, किती दिवस ठेवलेल्या, ते कुणी लिहीत नाही.

ठरलेले अर्क: थंड पाण्यातला, उकळून काढा, ७० टक्के इथेनॉलमधला, सौम्य आम्लाच्या पाण्यातला, आणि आम्ल-अल्कली पद्धतीने वेगळी काढलेली एकूण अल्कलॉइडं, म्हणजे झाडातली नायट्रोजनयुक्त, शरीरावर परिणाम करणारी द्रव्यं. दोन्ही पुड्यांचे पाचही. दर वेळी पूड १० ग्रॅम, ४० नंबरच्या चाळणीतून गाळलेली.

६ मार्च

आधी ओळख पटवायची. सूक्ष्मदर्शकाखाली न आंबवलेल्या पुडीत फुग्यांसारख्या मोठ्या पेशींचे फाटके पापुद्रे दिसले. हे झाड पाणी पानाच्या वरच्या थरात, या फुगीर पेशींत साठवतं. ताज्या पानावर दव पडल्यासारखी चमक असते ती त्यांचीच. ध्रुवित प्रकाशात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक लख्ख उजळले. या कुळातल्या वनस्पतींत ऑक्झलेट भरपूर असतं. आंबवल्याने ते कमी होत असावं आणि म्हणून लोक आंबवत असावेत, असा एक तर्क जुन्या निबंधात वाचला. आंबवलेल्या पुडीतही स्फटिक दिसले. कमी की जास्त, हे डोळ्यांनी सांगता येत नाही, म्हणून नोंदवहीत ‘आहेत’ एवढंच लिहिलं.

रंग: न आंबवलेली करडी-हिरवी, आंबवलेली गडद तपकिरी. वास: पहिलीला सुक्या गवताचा, दुसरीला जड, आंबटगोड. चव: सरांच्या परवानगीने चिमूटभर पूड जिभेच्या टोकावर ठेवून थुंकून टाकायची, गिळायची नाही. आधी खारट, मग कडू, मग टोक जरासं बधिर. आंबवलेलीत बधिरपणा जास्त जाणवला. तिकडे दातदुखीवर हा पाला चघळत, त्याचं कारण जिभेवरच कळलं.

मी बेसिनवर चुळा भरत असताना लॅबमधले काका दारातून बघत होते.

“मॅडम, काय चघळून राहिल्या? खर्रा का?”

“नाही काका, औषध आहे.”

“आमचंबी औषधच हाय,” म्हणाले आणि खिशातली खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी चोळत बाहेर गेले.

काकांचा विनोद ३४० वर्षं जुना निघाला. १६८५ साली केपचा डच अधिकारी सिमोन व्हान देर स्टेल तांब्याच्या शोधात नामाक्वालँडला गेला होता. त्याच्या रोजनिशीत या झाडाचं चित्र आहे आणि मजकूरही: नामाक्वा लोक हे ऑक्टोबरात गोळा करतात, देठ आणि मुळं जवळजवळ दिवसभर चघळतात, आणि हिंदी लोकांत पान-सुपारीला जो मान तोच यांच्यात कान्नाला. पुढच्याच वाक्यात, याची लागवड केली तर नफा होईल, असाही हिशेब मांडलाय. माणूस तांबं शोधायला गेला होता, पण डोकं व्यापाऱ्याचंच.

१० मार्च

थंड पाण्याचा अर्क रात्रभर ठेवून सकाळी गाळायला घेतला आणि सगळं बिनसलं. मांसल पानांची वनस्पती, त्यामुळे चिकट द्रव इतका की फिल्टर पेपरवर थेंबही उतरेना. व्हॅक्यूम लावला तर पेपरच फाटला. शेवटी काकांना गांधीबागेच्या कापडबाजारात पाठवून मांजरपाट आणवलं, दुहेरी घडी करून पिळून काढलं, मग सेंट्रिफ्यूज केलं. त्यानंतर कुठे गाळण झाली. काढ्याचं त्याहून वाईट. १५ मिनिटं उकळल्यावर सगळा बुळबुळीतपणा पाण्यात उतरला होता.

दोन्ही वॉटर बाथवर आटवून वाळवले. काढ्याचा सुका अवशेष वजनाला भरपूर निघाला. खूश होण्यासारखं त्यात काही नाही. चाखून न बघताही कळत होतं की बशीच्या काठावरची पांढरट साय म्हणजे क्षार आहेत. खाऱ्या, कोरड्या कारू प्रदेशातलं झाड; मीठ साठवणारच.

१८ मार्च

होळीच्या सुट्टीनंतर इथेनॉल. बाटली काढण्यापेक्षा रजिस्टर भरण्यात वेळ जास्त गेला. दारूबंदी खात्याचा परवाना आहे, मिलिलिटरचा हिशेब द्यावा लागतो, दोन सह्या लागतात. (शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे तिथल्या मुलांच्या गप्पा या रजिस्टरपाशी फार रंगतात.)

७० टक्के इथेनॉलमधला अर्क गाळायला एकदम सोपा. चिकट पदार्थ दारूत विरघळत नाही, गोळा होऊन तळाला बसतो. पण न आंबवलेल्या पुडीतून हरितद्रव्य सगळं वर आलं, अर्क गडद हिरवा. आंबवलेल्याचा तांबूस. रोटरी इव्हॅपोरेटरवर ४५ अंशांच्या आत वाळवला. सुका अवशेष काढ्यापेक्षा बराच कमी.

२४ मार्च

आज आम्ल-अल्कली. पूड सौम्य सल्फ्युरिक आम्लात भिजवली, गाळली. अल्कलॉइडं आम्लात मीठ बनून पाण्यात राहतात. मग अमोनियाने पीएच १० वर नेला की ती मिठातून सुटतात, पाण्याला नकोशी होतात आणि खालच्या डायक्लोरोमिथेनच्या थरात उतरतात. काका टेकून बघत होते, म्हणून त्यांना त्यांच्याच मालावरून सांगितलं.

“काका, खर्ऱ्यात चुना कायले टाकता?”

“बिगर चुन्याचा लागत नाही ना.”

“लागत नाही कारण तंबाखूतलं निकोटिन मीठ होऊन बसलेलं असतं. चुन्याने ते सुटं होतं, मग गालातून लवकर आत शिरतं. ही अमोनिया म्हणजे माझा चुना.”

काका थोडा वेळ सेपरेटिंग फनेलकडे बघत राहिले. “म्हणजे चुना कमी केला तर नशा कमी?” मी म्हटलं, हो, आणि गालही कमी सोलले जातील. यावर त्यांनी विषय बदलला.

फनेल हलवल्यावर मात्र दोन थरांच्या मधे साबणाच्या फेसासारखा जाड पट्टा धरला आणि तो फुटेना. मीठ टाकलं, गरम पाण्याचा हात फिरवला, काचेच्या कांडीने ढवळलं. शेवटी रात्रभर तसंच सोडलं. सकाळी थर वेगळे. खालचा थर सोडियम सल्फेटवर कोरडा करून वाळवला तर फ्लास्कच्या बुडाशी फिकट पिवळा, तेलासारखा डाग. १० ग्रॅममधून एवढंच. कान्नामध्ये एकूण अल्कलॉइडं साधारण एक-दीड टक्का असतात असं वाचलेलं, म्हणजे हातात फार तर १०० ते १५० मिलिग्रॅम यायला हवं. त्यामुळे डागाची लाज वाटायचं कारण नाही.

२ एप्रिल

पहिल्या टीएलसी प्लेटा. टीएलसी म्हणजे काचेवरच्या पातळ थरातून द्रावण वर चढवून अर्कातले घटक डागांच्या रूपात वेगळे पाडायची रीत. सिलिका, क्लोरोफॉर्म-मिथेनॉल, त्यात अमोनियाचे थोडे थेंब. नाहीतर अल्कलॉइडं सिलिकाला चिकटून लांब शेपट्या सोडतात. शेजारी मेसेम्ब्रिनचा, म्हणजे कान्नातल्या मुख्य अल्कलॉइडचा, प्रमाणित नमुना, जो मिलिग्रॅमच्या भावाने मिळतो आणि ज्याची कुपी सरांच्या कपाटात कुलपात असते.

ड्रॅगेनडॉर्फ, म्हणजे अल्कलॉइडं रंगवून दाखवणारं द्रावण, फवारल्यावर पिवळ्या प्लेटवर नारिंगी डाग उमटतात, तो क्षण मला बी.फार्म.पासून आवडतो. सगळ्या अर्कांत मेसेम्ब्रिनच्या पातळीवर डाग आहे. त्याच्या वर-खाली आणखी डाग आहेत, आणि गोष्ट तिथेच आहे. न आंबवलेल्या पुडीच्या इथेनॉल अर्कात मेसेम्ब्रिनचा डाग ठसठशीत, बाकीचे फिके. आंबवलेल्या पुडीत मेसेम्ब्रिन फिकं आणि दुसरा एक डाग त्याच्या बरोबरीचा. तो मेसेम्ब्रेनोन, म्हणजे मेसेम्ब्रिनचंच भावंड, असावा. त्याचा प्रमाणित नमुना आपल्याकडे नाही, म्हणून तूर्त ‘डाग २’.

हा फरक किरकोळ नाही. मेसेम्ब्रिन मुख्यतः सेरोटोनिन परत शोषलं जाणं अडवतं, म्हणजे नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं जे काम तेच. मेसेम्ब्रेनोन तेही करतं आणि शिवाय पीडीई-४ नावाच्या विकराला अडवतं, जे मेसेम्ब्रिनला फारसं जमत नाही. म्हणजे डाग १ आणि डाग २ चं प्रमाण बदललं की पेशीत घडणारं कामच बदलतं. आणि पिशवीवर दोन्हीकडे शब्द एकच: कान्ना.

९ एप्रिल

कालच्या प्लेटा आणि आजच्या प्लेटा जुळत नाहीत. तोच अर्क, तेच द्रावण, डाग मात्र वर सरकलेले. सरांनी एक नजर टाकली आणि बोट खिडकीकडे केलं. खिडकीत कूलर. वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आणि समोर तीन हातांवर माझं टीएलसीचं टेबल. ओलसर हवेत सिलिका पाणी शोषते आणि तिची पकड ढिली होते. आता प्लेटा ओव्हनमध्ये ११० अंशांवर अर्धा तास तापवून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, गार करायच्या, आणि प्लेट चालू असेपर्यंत कूलर बंद. काका नाराज आहेत. मीही.

वाळलेल्या काढ्याच्या बश्यांचंही तेच. कूलर बंद असताना कडक खपली, चालू केला की तासाभरात चिकट लगदा. वजन रोज वेगळं. क्षार ओढतायत पाणी.

१५ एप्रिल

काल १४ एप्रिलची सुट्टी. दीक्षाभूमीवर गर्दी इतकी की रस्ता ओलांडायला वेळ लागला. आज लॅब उघडली तर डायक्लोरोमिथेनच्या बाटलीचं झाकण सैल करताच फुस्स. उत्कलनबिंदू ३९.६ अंश, बंद खोलीत दुपारचं तापमान त्याच्या आसपास जातं. सेपरेटिंग फनेल हलवून तोटी उघडली तर फवारा अंगावर येईल. म्हणून अल्कलॉइड काढायचं काम आता सकाळी सात ते नऊ, द्रावक आदल्या रात्री फ्रीजमध्ये. पुस्तकात ‘सामान्य तापमानाला’ लिहिलेलं असतं. कुणाच्या गावचं सामान्य, ते लिहिलेलं नसतं.

२१ एप्रिल

ऊन एवढं आहेच तर त्याचा उपयोग करावा. मेसेम्ब्रिन पाण्यात विरघळलेलं असताना उजेडात ठेवलं तर ते बदलून डेल्टा-७-मेसेम्ब्रेनोन होतं, असं पटनाला आणि कॅनफर यांनी २००९ साली दाखवलंय. थंड पाण्याच्या अर्काचे तीन वाटे केले: एक पारदर्शक कुपीत, एक त्याच्या शेजारी फॉइल गुंडाळलेल्या कुपीत, एक फ्रीजमध्ये. पहिल्या दोन गच्चीवर. फॉइलवाली शेजारी ठेवण्याचं कारण, ऊन म्हणजे उजेड आणि उष्णता दोन्ही. कोण काय करतंय ते वेगळं कळायला हवं.

२४ एप्रिल

फ्रीजमधला जसाच्या तसा. फॉइलमधला जरा मळका, डाग मात्र जवळपास तेवढाच. पारदर्शक कुपीतल्या अर्कात मेसेम्ब्रिनचा डाग निम्म्याहून फिका आणि प्लेटवर एक नवा, आधी नसलेला डाग. उष्णतेपेक्षा उजेडच मुख्य, निदान एवढ्या काळात.

इथे मला पांढऱ्या बाटल्यांतून विकल्या जाणाऱ्या सगळ्या टिंक्चरांची आठवण झाली. दुकानाच्या काचेच्या कपाटात, उन्हाच्या तिरपेत महिनोन्‌महिने उभी असतात.

२८ एप्रिल

कुंड्यांचा विषय. गेल्या नोव्हेंबरात सरांच्या गच्चीवर बिया पेरल्या होत्या. बोंड सुकं असताना गच्च मिटलेलं असतं. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की काही मिनिटांत पाकळ्यांसारखं उलगडतं आणि बी सुटतं. पाऊस आल्याशिवाय बी सांडायचंच नाही, अशी त्या कोरड्या मुलखाची सोय. बी वाळूसारखं बारीक, वरून माती घालायची नाही. रेती जास्त, शेणखत नाममात्र. इथली काळी माती वापरली असती तर मुळं कुजली असती.

थंडीत रोपं छान फुगली होती. आता हिरव्या जाळीखालीही दमली आहेत. पण मरत नाहीयेत, आवरून घेतायत. खालची पानं वाळून त्यांच्या नुसत्या शिरा उरल्या आहेत, जाळीदार, आणि त्या सांगाड्याच्या आत दोन कोवळी पानं मिटून बसलेली. वाळकं पान काढायला गेले तर सर म्हणाले, “राहू दे, ते तिचं पांघरूण आहे.” झाडाच्या शास्त्रीय नावात जो सांगाडा आहे तो हाच.

मे महिना ही रोपं काढतील असं वाटत नाही. तेव्हा कापून वापरायची. पाला थोडाच, पण एका प्रयोगापुरता आहे.

३० एप्रिल

आंबवण्याची जुनी रीत १९९६च्या एका आढाव्यात तपशिलात दिली आहे. झाड दोन दगडांमधे ठेचायचं, पिशवीत घट्ट बांधायचं. पिशवी पूर्वी कातड्याची किंवा जाड कापडाची असे, आता प्लास्टिकचीही चालते. दोन-तीन दिवसांनी उघडून हलवायचं, पुन्हा बांधायचं, आणि आठव्या दिवशी उन्हात पसरून वाळवायचं. आठ दिवस झाले नाहीत तर त्यात जोर येत नाही, असं तिथली माणसं सांगतात. घाई असेल तर ताजं झाड चुलीच्या गरम राखेत भाजूनही घेत.

घरून पाटा-वरवंटा आणला. आईने विचारलं काय वाटणार; सांगितल्यावर म्हणाली, मग तो परत आणू नकोस. ठेचलेल्या पाल्याचे दोन समान भाग केले. एक लगेच ओव्हनमध्ये वाळवला, दुसरा जाड पिशवीत हवा काढून बंद केला आणि सावलीत ठेवला. ठेचताना सुटलेला रस हाताला पारदर्शक, चिकट, वाळल्यावर बोटांची कातडी ओढल्यासारखी होते.

३ मे

पिशवी उघडली. रंग हिरव्याचा तपकिरी झालाय, वास पहिल्या दिवशीच्या आंबवलेल्या पुडीचाच, फक्त ओला आणि उग्र. बुरशी नाही. हलवून पुन्हा बंद.

८ मे

आज गच्चीवर पसरला. नागपूरच्या मे महिन्यात ‘वाळेपर्यंत’ म्हणजे अर्धी दुपार. सकाळी दहाला ओला लगदा पसरला, जेवून आले तर तंबाखूसारखा चुरा, हवेने उडायला लागलेला. काकांनी चिमूट घेऊन वास घेतला आणि म्हणाले, “मॅडम, माल तयार आहे.” त्यांच्या आवाजातला अनुभव बोलत होता.

१२ मे

दोन्ही भागांचे इथेनॉल अर्क शेजारी शेजारी. आंबवलेल्या भागात मेसेम्ब्रिन कमी, डाग २ वर आलेला, आणि गच्चीवरच्या कुपीत दिसलेला नवा डागही, फिका पण आहे. ओला पाला उन्हात पसरला म्हणजे पाणी आणि उजेड दोन्ही मिळालेच की. म्हणजे ‘आंबवणे’ म्हणतो त्यात किती काम पिशवीतलं आणि किती शेवटच्या दिवसाच्या उन्हातलं, हे वेगळं काढायला हवं. सरांना हा मुद्दा आवडला. पुढच्या थंडीत नवी रोपं आली की अर्धा लगदा सावलीत वाळवायचा, असं ठरलं.

मात्र यावरून ‘आंबवल्याने मेसेम्ब्रिन घटतं’ असा सरसकट निष्कर्ष काढायचा नाही. २००९च्या कामात घट आहे, पण २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्याच दुसऱ्या गटाला बऱ्याच झाडांत आंबवल्यावर मेसेम्ब्रिन वाढलेलं दिसलं. झाडागणिक सुरुवातीचा मालच वेगळा असतो. माझ्या कुंड्या तर एकाच पाकिटातल्या बियांच्या.

१५ मे

सरांनी तुलनेसाठी बाजारातला एक तयार अर्क मागवला होता. नाव लिहीत नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘१०:१ तीव्र अर्क’. प्लेटवर नारिंगी डाग शोधावा लागला. माझ्या साध्या इथेनॉल अर्कापेक्षा तो कितीतरी फिका.

१०:१ चा अर्थ एवढाच की १० किलो पाल्यातून १ किलो सुका अर्क निघाला. त्या एका किलोत अल्कलॉइडं किती आणि कोणती, याबद्दल तो आकडा चकार शब्द काढत नाही. १० मार्चचा माझा काढा आठवा. अवशेष भरपूर, त्यात चिकट पदार्थ आणि मीठ. जितकं पाणी उकळाल तितकं वजन वाढेल आणि दर ग्रॅममागे मेसेम्ब्रिन कमी होईल. गुणोत्तराची पाटी लावायला कुणाचीच हरकत नाही, कारण ती खोटी नसते.

याच्या उलट टोकाला झेम्ब्रिन नावाचा प्रमाणित अर्क. त्यात एकूण अल्कलॉइडं ०.३५ ते ०.४५ टक्क्यांत बांधलेली. त्यातली निदान ६० टक्के मेसेम्ब्रेनोन आणि मेसेम्ब्रेनॉल मिळून, मेसेम्ब्रिन २० टक्क्यांच्या आत. कान्नावरच्या माणसांवरील ज्या चाचण्यांचा दाखला सगळे देतात, त्यातल्या मुख्य चाचण्या याच अर्कावर झाल्या. २०१३ च्या एका चाचणीत १६ निरोगी लोकांना २५ मिलिग्रॅमचा एकच डोस देऊन मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा भीतीला प्रतिसाद देणाऱ्या अमिग्डालाची प्रतिक्रिया कमी झालेली दिसली. त्याच वर्षी ३७ निरोगी लोकांवर तीन महिने ८ आणि २५ मिलिग्रॅम देऊन सुरक्षितता तपासली गेली. दोन्ही छोट्या चाचण्या, निरोगी माणसांवरच्या. आणि मेसेम्ब्रिन मुद्दाम कमी ठेवलेल्या अर्कावरच्या. त्यांचा निकाल उचलून मेसेम्ब्रिनने ठासून भरलेल्या दुसऱ्या एखाद्या पुडीच्या जाहिरातीत टाकणं, ही मला सरळ लबाडी वाटते.

१९ मे

हॉस्टेलमध्ये बातमी फुटली आहे की मी ‘मूडचं औषध’ बनवते. रात्री एक मैत्रीण दारात.

“अगं, थोडं दे ना. सबमिशनने डोकं उठलंय.”

“तू झोपेआधी कुठली गोळी घेतेस?”

“एस्सिटॅलोप्राम. डॉक्टरांनीच दिली आहे. त्याचं काय?”

त्याचंच सगळं. ती नैराश्यावरची गोळी; सेरोटोनिन परत शोषलं जाण्याची जी वाट ती अडवते तीच मेसेम्ब्रिन अडवतं. दोन्ही एकत्र पडले तर सेरोटोनिन नको तेवढं साठू शकतं: घाम, थरथर, हृदयाची धडधड, ताप, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर आयसीयू. तिला बसवून हे सांगितलं. वर हेही, की माझ्या अर्कांत डायक्लोरोमिथेनचा अंश आहे, त्यामुळे गोळी नसती तरी दिलं नसतं. ती म्हणाली, “मग नैसर्गिक आहे म्हणतात ते?” धोतराही नैसर्गिकच आहे, म्हटलं. हसली आणि चहा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या कुप्या कुलपात हलवल्या आणि प्रत्येकीवर लाल पट्टी लावली.

२६ मे

नवतपा कालपासून लागला. सकाळी साडेसहाच्या बसने एचपीएलसीसाठी, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रासाठी, दुसऱ्या संस्थेत, अर्क बर्फाच्या डब्यात, फॉइलमध्ये. मशीनचा स्लॉट महिनाभर आधी घेतलेला.

तिथल्या ऑपरेटर मॅडमनी पहिलाच प्रश्न बरोबर विचारला: “बेसिक कंपाउंड आहे ना? पीक शेपटी टाकेल.” अमोनियाने पीएच वाढवला तर शेपटी जाते, पण साधा सिलिका कॉलम आठच्या वर विरघळायला लागतो आणि तो कॉलम त्यांचा. मधला मार्ग म्हणून थोडं ट्रायइथिलअमाइन. तपासणी २८० नॅनोमीटरवर. मेसेम्ब्रिनच्या रेणूतलं दोन मिथॉक्सी गटांचं वलय तिथे प्रकाश शोषतं.

टीएलसीने जे दाखवलं तेच इथे शिखरांच्या रूपात आलं. न आंबवलेल्या पुडीच्या थंड पाण्याच्या आणि इथेनॉलच्या अर्कांत शिखरांचा क्रम सारखा, फक्त उंची वेगळी. काढ्यात मेसेम्ब्रिन आहे, पण दर ग्रॅममागे सर्वांत कमी. आम्लाच्या पाण्याचा अर्क साध्या पाण्यापेक्षा फार पुढे गेला नाही, म्हणजे झाडात ही अल्कलॉइडं बहुधा आधीच मीठरूपात असावीत. पाण्याला त्यांचं वावडं नाही. आम्ल-अल्कलीचा तेलकट डाग सर्वांत तीव्र, अपेक्षेप्रमाणे. आणि आंबवलेल्या पुडीचे पाचही अर्क एकमेकांचे सख्खे, न आंबवलेल्यांचे चुलत. म्हणजे द्रावकाने तीव्रता बदलते, पण अर्काचं चरित्र ठरतं ते द्रावकाच्या आधी, पिशवीत आणि उन्हात.

आंबवण्याची जुनी रीत सांगणारी ती माणसं पीएच मोजत नव्हती. पण आठ दिवस झाल्याशिवाय पाला पिशवीतून वाळवायला काढायचा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

३० मे

सरांपुढे सगळ्या प्लेटा आणि आलेख मांडले. त्यांनी दोन बदल सांगितले. एक, अहवालात ‘कान्ना अर्क’ असा शब्द नुसता कुठेही येता कामा नये. दर वेळी पूड कोणती, द्रावक कोणता, किती तास, उजेडात की अंधारात, वाळवण्याचं तापमान, एवढं हवं. मी म्हटलं, वाक्यं फार लांब होतील. “मग कोड दे,” म्हणाले. तेव्हा आं-७०-२४-अं म्हणजे आंबवलेली पूड, ७० टक्के इथेनॉल, २४ तास, अंधारात. कुप्यांवरची सगळी लेबलं आज याच पद्धतीने नव्याने लिहिली. काकांनी एक उचलून वाचलं आणि विचारलं, हा खर्ऱ्याचा नवीन नंबर का.

दुसरा, मेसेम्ब्रेनोनचा प्रमाणित नमुना मागवायचा. तो येईपर्यंत ‘डाग २’ ला नाव द्यायचं नाही. कोटेशन मागवलं आहे. रक्कम बघून सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सही केली.

अंधारात ठेवलेले इथेनॉल अर्क फ्रीजमध्ये आहेत. जूनअखेर पुन्हा एक स्लॉट मिळाला आहे, तेव्हा ते टिकतात का ते पाहायचं. तोवर पाऊस आला तर कूलर निघेल आणि दमटपणा आपोआपच येईल, तेव्हा डेसिकेटरमधली सिलिका जेल आधी भाजून ठेवायची.